हवेची खतावणी

गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंत आणि विहिरीपासून उसाच्या सरीपर्यंत जो करडा पाइप मुकाट पडलेला असतो, तो पीव्हीसीचा. त्याला वास नाही की त्याचा काही उपद्रव नाही. पण ज्या पांढऱ्या भुकटीपासून तो बनतो, ती भुकटी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत रेझिन, व्हिनाइल क्लोराइड नावाच्या वायूपासून तयार होते. हा वायू उणे 13 अंशांनाच उकळतो. दाबाखालच्या भांड्यातून निसटला की तो थेट हवेत जातो. जमिनीवर डाग पडत नाही, नाल्याचा रंग बदलत नाही. गेला, हे कोणी लिहून ठेवलं तरच कळतं.

हे प्रकरण त्या लिहून ठेवण्याबद्दल आहे. प्लॅस्टिक आणि रेझिन बनवणाऱ्या कारखान्याने हवेत काय सोडलं, किती सोडलं, ते कोणाला आणि किती दिवसांत कळवायचं, याचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत घडत गेले. म्हणून गोष्ट तिथली आहे. मात्र तिच्या मधोमध भोपाळ आहे.

खरवड काढणारी माणसं

पातेल्यात दूध तापवलं की बुडाला खरवड धरते. व्हिनाइल क्लोराइडच्या रिअ‍ॅक्टरचंही तसंच. पाण्यात घुसळत, दाबाखाली वायूचे रेणू एकमेकांना जोडले जातात, भुकटी तयार होते आणि आतल्या भिंतीवर प्लॅस्टिकची कडक पुटं चढतात. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिल शहराजवळ बी. एफ. गुडरिच कंपनीचा पीव्हीसी कारखाना होता. तिथे एक घाणा संपला की कामगार छिन्नी-हातोडी घेऊन रिअ‍ॅक्टरमध्ये उतरत आणि ही खरवड काढत. आत उरलेला वायू अर्थातच त्यांच्या श्वासात जाई. त्या काळी कामाच्या जागी या वायूची 500 पीपीएमपर्यंतची मात्रा चालवून घेतली जात होती. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग.

कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. यकृताच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओसार्कोमा हा कर्करोग इतका दुर्मीळ, की बहुतेक डॉक्टरांना आयुष्यभरात त्याचा एकही रुग्ण दिसत नाही. इथे मात्र एकाच कारखान्यातले तीन कामगार त्याने गेले होते. जानेवारी 1974 मध्ये गुडरिच कंपनीने हे जाहीर केलं. त्याच वर्षी कामाच्या जागेसाठी नवी मर्यादा ठरली : 500 वरून एकदम 1 पीपीएम. धंदा बुडेल अशी ओरड उद्योगाने केली. पण धंदा बुडाला नाही. खरवड काढायला माणसाऐवजी पाण्याचा जोरदार फवारा आला, उरलेला वायू ओढून परत वापरात घेतला जाऊ लागला आणि पीव्हीसीचा खप वाढतच राहिला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम दोन वर्षांनी आला. ऑक्टोबर 1976 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, व्हिनाइल क्लोराइडच्या कारखान्यांसाठी हवेचं मानक ठरवलं. त्यातलं एक कलम रिलीफ व्हॉल्व्हविषयी आहे. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते, तेच या व्हॉल्व्हचं काम. आतला दाब हाताबाहेर गेला की तो उघडतो, भांडं वाचतं आणि वायू आकाशात जातो. नियम असा : व्हॉल्व्ह उडाला तर 10 दिवसांत लेखी कळवायचं. कुठला व्हॉल्व्ह, कोणत्या तारखेला, किती वाजता, कशामुळे, अंदाजे किती वायू गेला, तो आकडा कोणत्या पद्धतीने काढला, त्या वेळी काय केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

ही यादी नीट पाहण्यासारखी आहे. त्यात नुसतं ‘किती’ विचारलेलं नाही, ‘आकडा कशावरून काढला’ हेही विचारलेलं आहे. या विषयातली पुढच्या पन्नास वर्षांची सगळी भांडणं या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतात.

भोपाळहून वॉशिंग्टनला

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. तो कारखाना कीटकनाशकांचा होता. पण कार्बाइड ही प्लॅस्टिकमधलीही बडी कंपनी. मुंबईत ट्रॉम्बे-चेंबूरच्या पट्ट्यात तिचा पॉलिथिनचा कारखाना साठच्या दशकापासून चालू होता. त्या पट्ट्याला मुंबईकरांनी पुढे ‘गॅस चेंबर’ म्हणायला सुरुवात केली, ते काही कौतुकाने नव्हे.

भोपाळनंतर अमेरिकेत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : हे आपल्याकडे होईल का? वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी कार्बाइडचा जुळा कारखाना होता आणि तिथेही मिथाइल आयसोसायनेट बनत होतं. 11 ऑगस्ट 1985 रोजी त्याच कारखान्यातून दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती झाली आणि शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. आता ‘आपल्याकडे होणार नाही’ म्हणायची सोय उरली नव्हती. भिंतीपलीकडे काय साठवलंय, काय उडतंय, हे शेजाऱ्याला कळलं पाहिजे या मागणीतून ऑक्टोबर 1986 मध्ये कायदा झाला. त्याच्या नावातच ‘जाणून घेण्याचा हक्क’ हे शब्द आहेत.

या कायद्याने दोन प्रकारचं कळवणं सुरू केलं. पहिलं तातडीचं. ठरावीक मात्रेपेक्षा जास्त रसायन एकाएकी बाहेर पडलं तर लगेच फोन करायचा, नंतर लेखी द्यायचं. ही मात्रा रसायनागणिक वेगळी आहे : स्टायरीनसाठी 1,000 पौंड, बेंझीनसाठी 10 पौंड आणि व्हिनाइल क्लोराइडसाठी अवघा 1 पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही. लुईव्हिलची आठवण त्या एका पौंडात आहे.

दुसरं वार्षिक. दहा किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या कारखान्याने यादीतलं एखादं रसायन वर्षाला 25,000 पौंडांहून जास्त बनवलं किंवा प्रक्रियेत घेतलं, तर पुढच्या वर्षीच्या 1 जुलैपर्यंत ‘फॉर्म आर’ भरायचा. प्रत्येक रसायनाचा वेगळा फॉर्म. पहिले फॉर्म 1 जुलै 1988 पर्यंत द्यायचे होते. खरा नवेपणा पुढे होता : हे आकडे सरकारी कपाटात न ठेवता संगणकावर सर्वांसाठी खुले करायचे, असं कायद्यातच लिहिलं होतं.

मर्यादा म्हणाल तर या कायद्यात एकही नाही. शंभर टन सोडा की हजार, फक्त सांगा. मग त्याचा उपयोग काय? मोन्सँटो ही तेव्हा प्लॅस्टिक आणि रसायनांमधली मोठी कंपनी. पहिला फॉर्म भरण्यासाठी सगळ्या कारखान्यांचे आकडे एका जागी आले, तेव्हा खुद्द कंपनीच्या प्रमुखांनी, रिचर्ड महोनी यांनी, ती बेरीज पाहिली. मुदतीच्या आदल्या दिवशी, 30 जून 1988 ला, त्यांनी जाहीर केलं की 1992 संपेपर्यंत विषारी वायूंचं उत्सर्जन 90 टक्क्यांनी कमी करू. ते साधल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. कोणी दंड केला नव्हता, कोर्टात खेचलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती शेजाऱ्यांसमोर उघडायची पाळी आल्यावर आत काय आहे, हे आधी मूठवाल्यालाच पाहावं लागलं.

व्हॉल्व्ह मोजा, गुणा, लिहा

आता फॉर्मच्या आत डोकावू. हवेसाठी त्यात दोन रकाने आहेत. एक धुराड्यातून गेलेल्या वायूचा. दुसरा बाकी सगळीकडून झिरपून गेलेल्या वायूचा : व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून, पंपाच्या सीलमधून, दोन पाइप जोडणाऱ्या फ्लँजमधून. धुराडं लांबून दिसतं, म्हणून आपण त्याच्याकडेच पाहतो. पण रेझिनच्या कारखान्यात झिरपण्याचा हिशेब अनेकदा तितकाच महत्त्वाचा असतो, आणि करायला जास्त अवघड.

तो असा करता येतो. ईपीएने प्रत्येक प्रकारच्या जोडासाठी सरासरी गळतीचा आकडा छापून ठेवला आहे. वायू वाहून नेणारा एक व्हॉल्व्ह तासाला 0.00597 किलो, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम गळतो असं धरायचं. कारखान्यात असे हजार व्हॉल्व्ह आहेत समजा. तासाला 5.97 किलो. वर्षाचे तास 8,760. गुणाकार केला की जवळपास 52 टन. एकाही व्हॉल्व्हला हात न लावता, टेबलाशी बसून, चहा निवायच्या आत वर्षाचा आकडा तयार.

हा आकडा खोटा म्हणता येत नाही, पण खराही नाही. ज्याने प्रत्येक पॅकिंग वेळेवर बदललं त्याच्या माथी तो फुकटचे टन मारतो, आणि ज्याने दहा वर्षांत पाना उचलला नाही त्याची गळती लपवतो. दुसरी पद्धत मेहनतीची. हातात वायू हुंगणारं यंत्र घेऊन तंत्रज्ञ एकेका व्हॉल्व्हपाशी जातो. प्रत्येकाला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला असतो. यंत्राचं टोक जोडाभोवती सावकाश फिरवायचं, पीपीएम वाचायचं, क्रमांकापुढे लिहायचं. मर्यादेपेक्षा जास्त दिसलं तर ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी. असं फिरलं की साधारण एकच गोष्ट हाती लागते : बहुतेक व्हॉल्व्ह शहाणे असतात, मूठभरच वाया गेलेले असतात आणि बरीचशी गळती त्या मूठभरांची असते. सरासरीच्या गुणाकारात हे मूठभर कधीच सापडत नाहीत.

म्हणून फॉर्म आरमध्ये प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षरी खूण करावी लागते. मोजून काढला असेल तर एक अक्षर, कच्चा माल आणि पक्का माल यांच्या वजाबाकीतून काढला असेल तर दुसरं, छापील सरासरीने गुणला असेल तर तिसरं. वाचणाऱ्याने आकड्याआधी हे अक्षर पाहावं.

फ्लेअरचंही असंच. कारखान्याच्या टोकाला जळणारी ती उंच मशाल नको असलेला वायू जाळते. ती नीट जळत असेल तर 98 टक्के वायू नष्ट होतो, असं धरायची वहिवाट आहे. मशालीत 100 टन गेले की फॉर्मवर 2 टन लिहायचे. पण वाफ जास्त सोडली गेली, वारा सुटला, ज्योत विस्कटली आणि 90 टक्केच जळालं, तर हवेत 10 टन गेले. फॉर्मवर तरीही 2 टनच.

आणखी एक पळवाट बरीच वर्षं उघडी होती. प्लँट सुरू करताना, बंद करताना किंवा बिघाड झाला असताना, विषारी वायूंसाठी वेगळ्या नियमांत घातलेली मर्यादा लागू नसे. वायू सर्वांत जास्त सुटतो तो नेमका याच वेळी. धरण फुटलं त्या दिवशीचं पाणी मोजू नका, म्हणण्यासारखंच हे. 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही सवलत रद्द ठरवली.

आकडा होता, अर्थ नव्हता

लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स हा कारखान्यांनी गजबजलेला पट्टा आहे. तिथले लोक त्याला ‘कॅन्सर अ‍ॅली’, कर्करोगाची गल्ली, म्हणतात. त्यातल्या लाप्लास गावी ड्यूपाँट कंपनी 1969 पासून निओप्रीन बनवत होती. पाणबुड्यांचे अंगाला चिकटणारे पोशाख, यंत्रांचे पट्टे, होज पाइप ज्याचे होतात, ते हे कृत्रिम रबर. ते क्लोरोप्रीनपासून होतं. क्लोरोप्रीन 1986 च्या कायद्याच्या यादीत होतं. म्हणजे किती पौंड हवेत गेलं हे दरवर्षी लिहिलं जात होतं, छापलं जात होतं आणि कोणालाही पाहता येत होतं.

पण पौंडांवरून माणसाला काय कळणार? 2010 मध्ये ईपीएने निष्कर्ष काढला की क्लोरोप्रीनमुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे. 2015 च्या डिसेंबरात ईपीएने देशभरातल्या हवेच्या धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कर्करोगाचा सर्वाधिक धोका दिसला तो याच कारखान्याच्या आसपासच्या वस्तीत. कारखाना जेमतेम दीड महिन्यापूर्वी जपानच्या डेंका कंपनीने विकत घेतला होता. पुढच्या वर्षी ईपीएने वस्तीत प्रत्यक्ष हवा मोजायला सुरुवात केली. दीर्घकाळ श्वास घेण्यासाठी घनमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅम ही पातळी तिने सुचवली होती. नमुन्यांत अनेकदा त्याच्या कित्येक पट सापडलं. एक प्राथमिक शाळा कारखान्याच्या अगदी जवळ होती.

फॉर्म जवळपास तीन दशकं भरले जात होते. तरी रसायनाचा विषारीपणा कळायला, तो नकाशावर मांडायला आणि हवा मोजायला वस्तीत जायला तेवढाच काळ लागला. कळवणं ही पहिली पायरी होती. तिलाच जिना समजून सगळे थांबले होते.

कुंपणावरची नळी

एप्रिल 2024 मध्ये ईपीएने नवा नियम जाहीर केला. सुमारे 200 रासायनिक कारखाने त्याच्या कक्षेत आले. त्यांत कृत्रिम रबर आणि इपॉक्सी रेझिन बनवणारेही होते. बेंझीन, ब्युटाडाइन, क्लोरोप्रीन, इथिलीन ऑक्साइड, इथिलीन डायक्लोराइड आणि आपलं जुनं व्हिनाइल क्लोराइड, या सहा रसायनांसाठी कारखान्याच्या कुंपणावर हवा मोजायची आणि आकडे लोकांसमोर ठेवायचे.

बेंझीनसाठीची ही मोजणी तेलशुद्धीकरण कारखान्यांत 2018 पासून चालू आहे, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे. करंगळीहून बारीक, बोटाएवढ्या लांबीची धातूची नळी, आत वायू धरून ठेवणारी भुकटी. पावसापासून बचावाला छोटं छत्र घालून कुंपणाभोवती अशा नळ्या टांगायच्या. पंप नाही, वीज नाही. चौदा दिवस हवा आपोआप आत शिरते. मग नळी काढून प्रयोगशाळेत पाठवायची, जागी नवी लावायची. सर्वांत जास्त आकडा दाखवणाऱ्या नळीतून सर्वांत कमी दाखवणाऱ्या नळीचा आकडा वजा करायचा. शेजारच्या रस्त्यावरून किंवा दुसऱ्याच्या कारखान्यातून जे सगळीकडे सारखं येतं ते यात वजा होतं, आणि उरतं ते बरंचसं आपलं स्वतःचं. वर्षाची सरासरी घनमीटरमागे 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर कारण शोधून दुरुस्ती करायची.

गंमत पाहा : कोणता व्हॉल्व्ह गळला, मशाल किती टक्के जळली, हे नळी विचारतच नाही. ती त्या गुणाकारांच्या बाहेर उभी आहे. तळे राखील तो पाणी चाखील, हा सगळ्या स्वयंघोषित हिशेबांचा रोग. त्यावर हा उतारा आहे, निदान अंशतः. कारण नळ्या टांगणारा शेवटी कारखानाच असतो.

आणि उतारा काढूनही घेता येतो. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने क्लोरोप्रीनवरून डेंकाविरुद्ध दोन वर्षांपूर्वी लावलेला दावा मागे घेतला. जुलै 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अनेक कारखान्यांना 2024 च्या नियमातून दोन वर्षांची सूट दिली. त्याआधीच मे महिन्यात डेंकाने लाप्लासमधलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं होतं.

30 सप्टेंबर

आपल्याकडे काय? कागद आपल्याकडेही आहेत, आणि कमी नाहीत. 1981 च्या हवा कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र घ्यावं लागतं. अपघाताने मर्यादेबाहेर वायू गेला, किंवा जाण्याची भीती असेल, तर मंडळाला तात्काळ कळवायचं, असं त्याच कायद्याचं 23 वं कलम सांगतं. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे ‘फॉर्म पाच’, 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. प्रदूषकं किती गेली आणि मानकापेक्षा किती टक्के कमीजास्त, हे त्यात कारणांसह विचारलेलं आहे. पेट्रोकेमिकलसारख्या 17 प्रकारच्या उद्योगांना 2014 पासून धुराड्यावर यंत्र बसवून आकडे थेट मंडळाच्या संगणकावर पाठवावे लागतात. नाही ती एकच गोष्ट : कोणत्या कारखान्यातून कोणतं रसायन किती गेलं, हे देशभरासाठी एका जागी सामान्य माणसाला पाहता येईल अशी खतावणी.

पण नुसती वही असून भागत नाही, हे विशाखापट्टणमने दाखवलं. 7 मे 2020 च्या पहाटे तिथल्या एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत शिरली आणि 12 माणसं मेली. स्टायरीन हा पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचा कच्चा माल. तो तापला की आपणहून जुळू लागतो आणि जुळताना आणखी तापतो. टाळेबंदीत तो टाकीत पडून होता. नंतरच्या चौकशीत दिसलं की टाकीचं तापमान मोजलं जात होतं, पण तळाशी. वरचा थर तापत गेला आणि नोंदवहीत तळाचा थंड आकडा उतरत राहिला. वही भरलेली होती. मोजायची जागा चुकली होती.

पर्यावरण मंजुरी घ्यावी लागलेल्या मोठ्या प्रकल्पांना दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, मागेल त्याला द्यावा, असं 2006 ची अधिसूचना स्पष्ट म्हणते. आपल्या गावाजवळ असा कारखाना असेल तर तो अहवाल मागावा. हातात आला की आकडे मानकाखाली आहेत की वर, हे लगेच शोधू नये. ते बहुधा खालीच असतात. आधी पाहावं की आकडा मोजलेला आहे की गुणलेला, आणि मोजला असेल तर कुठे : धुराड्यात, टाकीच्या तळाशी, की आपल्या बाजूच्या कुंपणावर.